शेवटच्या डावात शब्द का मोडतो?

‘निवडून आला की पाच वर्षं तोंड दाखवत नाही’, हे इतक्यांदा कानावर पडतं की सगळे पुढारी एकाच माळेचे मणी वाटू लागतात. हा समज अर्धाच खरा आहे. मतदार आणि पुढारी यांच्यात एक अलिखित करार असतो. आम्ही मत देतो, तुम्ही आमचा पैसा आमच्यासाठी खर्च करा. तो मोडला म्हणून कोर्टात जाता येत नाही, तरी बरेच जण तो पाळतात. का पाळतात, याचं उत्तर ब्राझीलमध्ये मिळालं.

तिथल्या केंद्र सरकारने 2003 पासून जाहीर सोडत काढून नगरपालिका निवडायला सुरुवात केली. सोडतीत नाव निघालं की लेखापरीक्षक तिथे जाऊन केंद्राच्या निधीची बिलं तपासत, शाळा-दवाखान्याचं बांधकाम खरंच उभं आहे का ते पाहत, लोकांशी बोलत. अहवाल सर्वांसाठी खुला असे. सोडतीमुळे ‘मुद्दाम आम्हालाच धरलं’ म्हणायला जागा नव्हती आणि संशोधकांना निःपक्ष नमुना आयता मिळाला. ब्राझीलच्या नगराध्यक्षाला लागोपाठ दोनदाच निवडून येता येतं. क्लाउडिओ फेराझ आणि फ्रेडेरिको फिनान या अर्थतज्ज्ञांनी 2011 साली दाखवलं, की पहिल्या कारकिर्दीतले नगराध्यक्ष दुसऱ्या कारकिर्दीतल्यांपेक्षा 27 टक्के कमी निधी हडप करतात.

यामागचं गणित मला फार आवडतं. समजा, सचोटीने एक कारकीर्द काढली तर पुढाऱ्याच्या पदरात 4 गुण पडतात. लुबाडलं तर एकदम 10, पण पुन्हा निवडून येणं संपलं. सचोटीने वागणाऱ्याची दर वेळी निवडून येण्याची शक्यता p मानू. त्याची एकूण कमाई 4 + 4p + 4p² + … म्हणजे 4/(1−p). ती 10 च्या खाली जाऊ नये, तर p किमान 0.6 हवा. आता डाव दोनच ठेवा. शेवटच्या डावात धाक उरत नाही, म्हणून तिथे लुबाडणं फायद्याचं. मतदाराला हे आधीच कळलं तर तो दुसऱ्यांदा निवडून देणार नाही, आणि मग पहिल्या डावातही सचोटीला कारण उरत नाही. करार शेवटाकडून उसवत येतो. पण प्रत्यक्षात तो पूर्ण उसवत नाही. काही पुढारी मुळातच प्रामाणिक असतात आणि कोण तसा हे मतदाराला ओळखता येत नाही, म्हणूनच पहिल्या डावात बाकीचेही जपून वागतात.

बेल-भंडारा उचलून घेतलेल्या शपथेला या गणितात काडीची किंमत नाही. शपथेने p बदलत नाही, माहितीने बदलतो. याच दोघांच्या 2008 च्या अभ्यासात, निवडणुकीआधी अहवाल बाहेर आला तिथे भ्रष्ट नगराध्यक्ष जास्त पडले आणि स्थानिक रेडिओ होता तिथे हा परिणाम आणखी ठळक होता.

आपल्याकडे वॉर्डाचं आरक्षण फिरतं, त्यामुळे अनेक नगरसेवकांची पहिलीच कारकीर्द त्या वॉर्डापुरती शेवटची ठरते. आरक्षण हवंच. पण एक वॉर्ड लागोपाठ दोन निवडणुका तरी महिलांसाठी राखीव राहिला, तर निवडून आलेल्या बाईला त्याच मतदारांपुढे पुन्हा उभं राहता येईल आणि मतदारांना तिच्या कामाचा हिशेब मागता येईल.