वैऱ्यावर प्रीती

वैऱ्यावर प्रीती म्हणजे सूड उगवण्याचा हक्क सोडून देणे आणि ज्याने नुकसान केले त्याच्याही भल्याचे वागणे. ख्रिस्ती आचरणातली ही शिकवण मुख्यतः बायबलातल्या मत्तय ५:३८–४८, लूक ६:२७–३६ आणि रोमकरांस पत्र १२:१७–२१ यांवर उभी आहे. मूळ ग्रीकमध्ये इथे 'अगापे' (दुसऱ्याचे भले इच्छिणारी प्रीती) या शब्दाच्या कुळातले क्रियापद आहे. वैऱ्याबद्दल माया दाटून यावी अशी त्यात अट नाही. लूकमध्ये आज्ञेपाठोपाठ येतात ती कामेच: बरे करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा, उसने द्या.

ही शिकवण येशूपासूनच सुरू झाली असे नाही. 'डोळ्याबद्दल डोळा' हा त्याआधीचा नियमही मुळात सुडाला घातलेला बांधच. एका डोळ्यापायी जीव घेता येत नसे. निर्गम २३:४ तर सांगते की वैऱ्याचा बैल मोकाट फिरताना दिसला, तर त्याच्याकडे नेऊन पोहोचवावा. विदर्भातल्या कास्तकाराला हे वचन फोडून सांगावे लागत नाही. गावातली वैरे धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून), पांदणीवरून, भावकीतल्या वाटणीवरून आणि उभ्या पिकात शिरलेल्या जनावरावरूनच पेटतात. शेजाऱ्याचा बैल तुरीत शिरला, की त्याला काठीने बडवता येते, कोंडवाड्यात घालता येते, नाहीतर दावे धरून मालकाच्या दारात बांधून येता येते. वचनाची वाट ही शेवटची. मात्र भरपाई बुडत नाही. निर्गम २२:५ प्रमाणे ज्याचे जनावर दुसऱ्याचे शेत चरले, त्याने स्वतःच्या शेतातले उत्तम देऊन ते भरून द्यायचे आहे. तेव्हा बैल पोहोचवावा, किती ओळी गेल्या ते दोन जाणत्यांना त्याच दिवशी दाखवावे आणि भरपाई शिवीगाळ न करता मागावी.

क्षमेसाठी मत्तयातील प्रभूची प्रार्थना 'ऋण' हा शब्द वापरते. सावकाराची वही ठाऊक असलेल्या मुलखात तो नेमका पोहोचतो. मत्तय १८ मधल्या दृष्टान्तात राजा चाकराचे दहा हजार तालान्त (एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार) सोडतो आणि तोच चाकर सोबत्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. उपदेशात हे शंभर दिनार किरकोळ म्हणून उडवले जातात, ते चूक. सोयाबीन काढणीपासून कापूस वेचणीपर्यंतचा जवळजवळ सगळा हंगाम त्यात जातो. नुकसान लहान होते असे दृष्टान्त म्हणतच नाही. सोडलेले कर्ज त्याच्या सुमारे सहा लाख पट होते, एवढेच तो दाखवतो.

मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, माणसाशी बिनसले तर पायऱ्या मत्तय १८:१५–१७ मध्ये आहेत: आधी एकट्याने गाठून बोलणे, मग एक-दोघांना सोबत नेणे, शेवटी मंडळीपुढे ठेवणे. गावात हा क्रम उलटतो. गोष्ट आधी पानठेल्यावर जाते, आणि मग समोरच्याला माघार घेणे म्हणजे नाक कापून घेणे वाटते.

आणखी एक बिघाड प्रभुभोजनाआधीच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीआधीच्या) घाईचा. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, या वचनावर (मत्तय ५:२३–२४) दोघांना उभे करून हात मिळवायला लावतात. भरपाईचे बोलणे निघतच नाही. प्रार्थनेत वैऱ्याचे नाव घेऊन टोमणे मारणे हाही त्यातलाच प्रकार.

सर्वांत घातक गैरवापर घरातला. मार खाणाऱ्या बाईला 'सत्तर वेळा सात' क्षमा करण्याचे वचन ऐकवून परत धाडले जाते. क्षमा करणे वेगळे, त्याच घरात पुन्हा नांदणे वेगळे आणि पोलिसांत तक्रार देणे तिसरेच. रोमकरांस पत्रात सूड देवावर सोपवा म्हणणारा पौल लगेच तेराव्या अध्यायात गुन्ह्याची शिक्षा राज्यसत्तेकडे देतो.

किरकोळ मारहाणीसारखे गुन्हे कायद्यानेही आपसात मिटवता येतात. खून, बलात्कार नाही. १५ ऑगस्ट २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्यांपुढेही असे तंटे मिटतात. वाद धुऱ्याचा असेल तर समेटाआधी सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत. नुसत्या तोंडी समेटावर पुढच्या नांगरटीत नांगराचे तास पुन्हा पलीकडे सरकते.