मातृवंदनेच्या फॉर्ममागची नव्वद वर्षं

गावात एखादी बाई पहिल्यांदा गरोदर राहिली की आशाताई तिला दोन गोष्टी हमखास विचारतात. शेवटची पाळी कधी आली होती? आणि आधारवर नाव माहेरचं आहे की सासरचं? पहिल्या उत्तरावरून बाळंतपणाची तारीख ठरते. दुसऱ्यावरून पैसे खात्यावर पडणार की अडकणार, याचा अंदाज येतो. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. मग आधार वडिलांच्या नावाचं, पासबुक नवऱ्याच्या नावाचं आणि माता-बाल कार्डावर आशाताईंनी ऐकून लिहिलेलं तिसरंच, असं सर्रास होतं. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. बाळाची जन्मनोंद एका तालुक्यात, फॉर्म दुसऱ्या तालुक्यात.

हे पैसे म्हणजे गरोदर बाईला सरकारकडून मिळणारी रोख मदत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा तिच्यासाठीचा हा फॉर्म एका दिवसात आलेला नाही. त्याची मुळं शोधत गेलं की आपण थेट मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचतो.

28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी की नाही, यावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्यामुळे या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारनेच उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला आणि 1961 मध्ये देशभराचा. पण दोन्ही कायद्यांनी खर्च मालकावर टाकला. ज्यांना मालकच नाही, किंवा असला तरी हजेरीपटावर ज्यांचं नाव नाही, त्या शेतमजूर, ऊसतोड कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बायका बाहेरच राहिल्या. बाबासाहेबांच्या वाक्यातला ‘सरकारने’ हा शब्द तेव्हा मागे पडला, तो कितीतरी वर्षं.

1975 मध्ये 2 ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगावी अंगणवाड्या यायला लागल्या. पूरक आहार हा त्यांचा कणा. पण आहार मिळाला तरी मजुरी बुडते, त्याचं काय? आठव्या महिन्यात बाई खुरपायला जाते ती भाकरीसाठी, आणि घरी बसायचं तर त्या दिवसाचा रोज कोणीतरी भरून द्यायला हवा. हा हिशोब आधी तमिळनाडूने मांडला. तिथे 1987 मध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची प्रसूती साहाय्य योजना आली, तेव्हा रक्कम होती 300 रुपये.

केंद्राने 15 ऑगस्ट 1995 रोजी राष्ट्रीय मातृत्व लाभ योजना आणली. दारिद्र्यरेषेखालची, 19 वर्षं पूर्ण केलेली बाई, पहिली दोन बाळंतपणं, सुरुवातीला 300 आणि नंतर 500 रुपये. पैसे बाळंतपणाच्या 8 ते 12 आठवडे आधी हातात पडावेत, असा नियम होता, आणि मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा नियम तोच वाटतो. पैसा खाण्यासाठी आहे, तर तो पोटात बाळ असतानाच मिळायला हवा.

2005 मध्ये ही योजना जननी सुरक्षा योजनेत विलीन झाली. दवाखान्यात बाळंतपण व्हावं हा जननी सुरक्षेचा हेतू, आणि तो चांगलाच होता. त्यामुळे बाळंतपणात होणारे मृत्यू टाळता येतात. पण आहारासाठीचा पैसा या गडबडीत बाळंतपणाच्या जागेला बांधला गेला. अन्नाच्या हक्काचा खटला 2001 पासून सर्वोच्च न्यायालयात चालूच होता. 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने मातृत्व लाभासह आठ योजना लोकांचे हक्क म्हणून बांधून दिल्या होत्या. आता 20 नोव्हेंबर 2007 रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की बाळंतपण घरी होवो की दवाखान्यात, 500 रुपये द्यायचेच.

2010 मध्ये इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना प्रायोगिक म्हणून देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली. आपल्याकडे अमरावती आणि भंडारा. रक्कम 4,000 रुपये, तीन हप्त्यांत. पैसा आता बुडालेल्या मजुरीची भरपाई मानला गेला, हे मोठं पाऊल होतं. पण हप्त्यांसोबत अटीही आल्या. नोंदणी केली का, तपासणी झाली का, लस दिली का?

मग 2013 चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा. त्यातलं कलम 4 प्रत्येकाने एकदा वाचावं, इतकं ते सरळ आहे. प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला गरोदरपणात व बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत जेवण, आणि किमान 6,000 रुपये. सरकारी नोकरदार आणि इतर कायद्यांखाली असाच लाभ मिळणाऱ्या बायका तेवढ्या वगळल्या. कितवं मूल, हे कलम विचारत नाही.

फॉर्मने मात्र विचारलं. 1 जानेवारी 2017 पासून मातृवंदना लागू झाली तेव्हा लाभ पहिल्या जिवंत अपत्यापुरता राहिला आणि रक्कम 5,000 झाली, 1,000, 2,000 आणि 2,000 अशी. 6,000 चा आकडा जननी सुरक्षेचे पैसे धरून जुळवायचा होता. प्रत्येक हप्त्याला वेगळा फॉर्म: 1-अ, 1-ब, 1-क. पहिल्यासाठी शेवटच्या पाळीपासून 150 दिवसांत नोंदणी, दुसऱ्यासाठी तपासणी, तिसऱ्यासाठी जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी. वर नवऱ्याचं आधार. विधवा, टाकलेली, एकटी राहणारी बाई ते कुठून आणणार? त्याच 2017 मध्ये नोकरदार बायकांची भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. ती हवीच होती. पण एकीला सहा महिन्यांचा पगार आणि दुसरीला एकाच बाळासाठी पाच हजार, हे अंतर मला आजही बोचतं.

एप्रिल 2022 पासून नियम बदलले. पहिल्या बाळाचे 5,000 आता दोन हप्त्यांत, 3,000 आणि 2,000. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6,000 एकरकमी. नवऱ्याच्या आधारची सक्ती गेली. शेवटच्या पाळीपासून 570 दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, दुसऱ्या बाळासाठी, म्हणजे मुलीसाठी, जन्मापासून 270 दिवस. दिवाळीच्या सुमाराला कारखान्याच्या फडावर जाऊन उन्हाळ्यात परतणाऱ्या बाईला ही मुदत खरोखर उपयोगी आहे. दुसरं बाळ मुलगा असेल तर मात्र आईला काहीच नाही. मुलगी नकोशी वाटू नये म्हणून हा नियम, असं सांगतात. पण मुलगा झाला म्हणून बाळंतिणीच्या अंगातलं रक्त वाढत नाही.

आपल्याच राज्यात याहून वेगळी वाटही निघाली. 2015 मध्ये आदिवासी भागासाठी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीत एक वेळचं गरम, चौरस जेवण: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं, शेंगदाण्याचा लाडू. इथे हप्ता नाही की पासबुक नाही. बाई येते, सेविका वहीत तिच्या नावापुढे खूण करते आणि ताट वाढते.