एअर पिस्तूल नेमबाजी : नवशिक्याच्या साहित्याची निवड

दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिमी व्यासाची शिशाची गोळी, म्हणजे पेलेट, १० मीटरवरच्या लक्ष्यावर एका हाताने मारण्याचा हा ऑलिंपिक क्रीडाप्रकार आहे. लक्ष्याचा केंद्रबिंदू जमिनीपासून १.४० मीटर उंच असतो. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिमी व्यासाचे, आणि पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० नेम. पुण्यात या खेळाचे मोठे केंद्र म्हणजे म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धेतली नेमबाजी इथेच झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे याच संकुलात सराव करत घडला. त्या पदकानंतर पिस्तुलाकडे वळलेल्या घरांत पहिला प्रश्न एकच असतो : कोणते पिस्तूल घ्यायचे? खरे तर तो शेवटचा प्रश्न असायला हवा. पहिले काही महिने क्लबच्या पिस्तुलावर काढावेत आणि पहिला खर्च हात, डोळा आणि पाय यांवर करावा.

परदेशातले व्हिडिओ पाहून काही जण स्वसंरक्षक पिस्तूल नेमबाजीची चौकशी करत रेंजवर येतात. अमेरिकेत १९९६ साली स्थापन झालेल्या आयडीपीए या संघटनेने हा प्रकार रुळवला. रोजच्या वापराचे पिस्तूल, कमरेचे होल्स्टर, जादा मॅगझिनचे पाऊच, शस्त्र झाकणारे जाकीट, कानाला व डोळ्याला संरक्षण एवढ्यावर तिथला नवशिका उभा राहतो. गुण आणि वेळ एकत्र मोजले जातात. भारतात ही वाट सामान्य माणसाला जवळजवळ बंद आहे. शस्त्र कायदा १९५९ नुसार पिस्तुलाला परवाना लागतो, आणि त्या खेळात सर्वाधिक चालणारे ९ मिमीचे काडतूस इथे प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) मोडते. याउलट ०.१७७ इंच बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा जेमतेम पाच-सहा ज्यूल असते. म्हणून पुण्यातला मुलगा किंवा मुलगी पिस्तुलाची सुरुवात इथूनच करते. पुढे ०.२२ इंच बोअरच्या, काडतुसाच्या २५ मीटर पिस्तुलाकडे जायचे झाले, तरी हाताला लागलेले वळण तेच राहते.

ग्रिप : साहित्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. अक्रोडाच्या लाकडाची ही मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी मिळते. ती बसते की नाही, याची जुनी परीक्षा सोपी आहे. डोळे मिटून पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने उचलायचे, श्वास सोडायचा आणि डोळे उघडायचे. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाजवळची नेम धरण्याची खूण, मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर ग्रिप हाताची आहे. दर वेळी ती एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल, तर मनगट वळवून ती मध्ये आणू नये. ग्रिपच फिरवावी, कानशीने घासावी किंवा लाकडाच्या पुट्टीने भरावी. तर्जनी लाकडाला टेकता कामा नये. टेकली की ट्रिगर सरळ मागे न येता नेम कडेला जातो. ग्रिपची तळहाताखालची, वरखाली सरकणारी फळी इतकी घट्ट आवळू नये की दहाव्या नेमाला बोटे बधिर होतील. नियमानुसार ग्रिपचा आधार मनगटाला मिळता कामा नये, आणि नेम धरणाऱ्या हातात घड्याळ, कडे किंवा रिस्टबँडही चालत नाही. वाढत्या वयाच्या मुलांचा तळवा वर्षभरात बदलतो, म्हणून त्यांच्यासाठी महागडी ग्रिप लगेच कोरून घेणे टाळावे.

पिस्तूल : आजची स्पर्धेची पिस्तुले सिलिंडरमधल्या, साधारण २०० बार दाबाच्या हवेवर चालतात. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ ही नावे रेंजवर सतत कानी पडतात. वजनाची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम आहे. बहुतेक पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात. बारा-तेरा वर्षांच्या खांद्याला तेही जड जाते, त्यांनी आखूड आणि हलके मॉडेल पाहावे. ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागलाच पाहिजे आणि तो स्पर्धेपूर्वी वजन टांगून तपासतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ आणि एकसारखा लागतो, पण बिघडला तर दुरुस्ती जागेवर होईलच असे नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. नवशिक्याने मेकॅनिकल ट्रिगरच घ्यावा, कारण तो स्वतःला उघडून, समजून घेता येतो. जुने पिस्तूल विकत घेताना रंगरूप पाहण्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत तर नाहीच, घरीही भरू नये.

डोळा : दोन्ही तळहातांनी त्रिकोणी फट करून दूरचा दिवा त्यातून पाहावा आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो प्रबळ डोळा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली, तर प्रशिक्षकाशी आधी बोलावे आणि मगच ग्रिप घ्यावी. दुसरा डोळा मिटू नये, त्यावर अर्धपारदर्शक पट्टी लावावी. मिटल्याने चेहरा ताणतो. समोरून लावायच्या पट्टीची रुंदी ३० मिमीपर्यंतच चालते. चष्मा असणाऱ्याने नेत्रतज्ज्ञाला पिस्तूल धरलेल्या हाताचे अंतर सांगून नंबर काढून घ्यावा. स्पष्ट दिसायला हवी ती पुढची साइट. लक्ष्य धूसर दिसणे बरोबरच आहे, हे नवख्याला पटायला वेळ लागतो.

बूट सपाट तळव्याचे, घोट्याखाली संपणारे असले की झाले. रायफलवाल्यांसारखे जाड जाकीट-पँट इथे लागत नाही, आणि हा खेळ तुलनेने स्वस्त पडतो तो यामुळेच. पेलेट चपट्या तोंडाचे घ्यावेत, म्हणजे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते. एका ब्रँडचे एकच माप ठरवून निदान काही डबे तेच वापरावेत. शिसे हाताला लागते, म्हणून डब्याला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

घरचा सराव : पुण्यातल्या फ्लॅटमध्ये १० मीटर सरळ मोकळी जागा क्वचितच असते. तशी गरजही नाही. ५ मीटरवर निम्म्या मापाचे, म्हणजे काळा गोल सुमारे ३० मिमीचा असलेले लक्ष्य लावून ड्राय करावे, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबावा. बहुतेक पिस्तुलांत यासाठी वेगळी सोय असते. रिकाम्या भिंतीकडे पाहूनही साइट स्थिर ठेवता येते, आणि सुरुवातीला तेच जास्त उपयोगी पडते. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत हातपंपाने सिलिंडर भरताना ओल आत जाते; पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर असावा, नाहीतर शक्यतो रेंजवरूनच भरून आणावे. बॅगेत ठेवण्याआधी पोलादी भागांवर तेलाचा हात फिरवावा. पिस्तूल रिकामे असल्याची खूण म्हणून नळीतून आरपार घालायची भडक रंगाची सेफ्टी दोरी काही रुपयांची असते. साहित्यातली ही एकच वस्तू पहिल्या दिवशीच, पिस्तूल स्वतःचे नसले तरी, स्वतःची असावी.