मृत्युपत्राला आव्हान : संशय कोणी फेडायचा?

इंग्लंडमध्ये उतारवयात तरुण स्त्रीशी लग्न केलेल्या कोल नावाच्या गृहस्थाने लेखी मृत्युपत्रात तीन हजार पौंड धर्मादाय कामासाठी ठेवले होते. तो वारल्यावर विधवा पुढे आली आणि म्हणाली, मरताना त्यांनी तोंडी मृत्युपत्र केले. नऊ साक्षीदारांनी तशी शपथ घेतली, आणि त्यांतले बहुतेक खोटे निघाले. ‘कोल विरुद्ध मॉर्डंट’ हा खटला १६७६ चा. पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने तोंडी मृत्युपत्रांना कडक अटी घातल्या आणि जमिनीच्या मृत्युपत्राला लेखी मजकूर, सही व तीन-चार साक्षीदार सक्तीचे केले.

त्यामुळे खोट्या कागदाला काहीसा आळा बसला. पण सही खरी आणि इच्छा दुसऱ्याची, असे असेल तर?

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या न्यायाधीशांनी सोडवला, तोही लाभार्थ्यांच्या बाजूला बराच झुकून. ‘हॉल विरुद्ध हॉल’ (१८६८) मध्ये म्हटले गेले, की मृत्युपत्र करणाऱ्याला कोणी वळवले तर चालेल, हाकलत नेलेले चालणार नाही. १८८५ च्या ‘विंग्रोव्ह’ निकालाने तर अनुचित प्रभाव म्हणजे जवळजवळ बळजबरीच, असे ठरवले.

भारतात हाच विचार १८६५ च्या वारसा कायद्यातून आला आणि आज १९२५ च्या कायद्याच्या कलम ६१ मध्ये आहे. फसवणूक, बळजबरी किंवा माणसाचे स्वातंत्र्यच हिरावून घेईल असा पिच्छा, यातून झालेले मृत्युपत्र, किंवा त्याचा तेवढा भाग, रद्दबातल. कलमाखालची उदाहरणे मुळातून वाचावीत अशी आहेत. एकुलते एक मूल वारले, अशी थाप मारून मृत्युपत्र करून घेतले तर ते गेले. आजाराने खंगलेल्याने केवळ कटकट थांबावी म्हणून सही केली, तर तेही गेले. पण वारशावर डोळा ठेवून कोणी सेवा केली, खुशामत केली, तर मृत्युपत्र शाबूत! नात्यागोत्यातल्या निम्म्या तक्रारी इथेच निकालात निघतात.

अडचण पुराव्याची होती. हयातीतल्या व्यवहारात वरचढ माणसाने अवाजवी फायदा घेतल्याचे दिसले, तर आपण गैर वागलो नाही हे त्यालाच दाखवावे लागते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १६ तेच सांगते. मृत्युपत्राला हा नियम लागू नाही, असे इंग्लंडमध्ये त्याच वर्षी ‘पारफिट विरुद्ध लॉलेस’ मध्ये ठरले. घरात राहणाऱ्या धर्मगुरूच्या नावे मालमत्ता गेली होती. तरी नुसत्या नात्यावरून दबाव गृहीत धरायला न्यायालयाने नकार दिला. बंद खोलीत काय घडले, हे बाहेर ठेवलेल्या वारसाने सिद्ध करायचे!

ही फट बुजवली ती ‘संशयास्पद परिस्थिती’च्या तत्त्वाने. त्याचे मूळ १८३८ च्या ‘बॅरी विरुद्ध बटलिन’ मध्ये आहे. दुसऱ्यासाठी मृत्युपत्राचा मजकूर लिहून देणाऱ्यालाच त्यातून लाभ मिळत असेल, तर न्यायालयाने सावध व्हावे. गंमत म्हणजे त्या खटल्यात मुलाला वगळून वकील, मित्र आणि घरचा बटलर यांना दिलेले मृत्युपत्र शेवटी टिकलेच.

सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ‘वेंकटाचल अय्यंगार’ निकालात हे तत्त्व भारतासाठी पक्के केले. निकाल न्या. गजेंद्रगडकरांचा. डळमळीत सही, दुबळे मन, जवळच्यांना अकारण डावलणे, लाभार्थ्याने स्वतः पुढाकार घेणे, यांतले काही दिसले तर मृत्युपत्र मांडणाऱ्याने न्यायालयाच्या मनातला संशय फेडायचा. नुसती नोंदणी दाखवून भागत नाही.

फसवणूक किंवा दबावाचा थेट आरोप केला, तर तो शाबित करण्याचा भार अजूनही आव्हान देणाऱ्यावरच असतो आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे तपशीलही द्यावे लागतात. म्हणून अनुभवी वकील हरकतीत दबावाचा आरोप जपून करतात आणि जोर संशयास्पद परिस्थितीवर देतात.