राऊटर तापलाय की नुसता आकडा चढलाय?

राऊटरला रात्री आपोआप अपडेट येतो, सकाळी ॲप उघडून बघावं तर कालपर्यंत ६२ अंश दाखवणारा राऊटर आज ७८ दाखवतोय, आणि मग माणूस पहिली वायर काढतो, नायतर थेट टेबलफॅन त्याच्यावर लावतो. काळजी वाटणं बरोबरच आहे, पण आधी तो आकडा येतो कुठनं ते बघू.

राऊटरच्या मुख्य चिपमध्ये, त्या सिलिकॉनमध्येच, डायोडसारखा एक बारका भाग असतो आणि चिप जशी तापते तसं त्याच्यावरचं व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतं. ते व्होल्टेज मोजायचं, सूत्रात टाकायचं आणि त्यातनं अंश काढायचे, एवढाच सगळा मामला. आता हे सूत्र आणि त्यातली दुरुस्तीची संख्या बऱ्याचदा फर्मवेअरमध्ये, म्हणजे राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि अपडेट येतो तो याचाच. कंपनीनं नव्या फर्मवेअरमध्ये ती बदलली तर चिप होती तेवढीच गरम राहते पण आकडा १०-१५ नं वर जातो, आणि कधीकधी नवा आकडाच बरोबर असतो, आधीचा कमी दाखवत होता. शिवाय आत सेन्सर एकच असतो असं नाही, वायफायच्या चिपचा वेगळा असतो. आधी प्रोसेसरचा दाखवत होते, आता सगळ्यात गरम असेल त्याचा दाखवतात, असंही होतं.

मग खरं काय ते घरबसल्या कसं ओळखायचं? मला यात सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे वॅटमीटर. प्लगमध्ये लावायचा साधा मीटर, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा नायतर ऑनलाइन मागवा. राऊटर जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी उष्णताच होते, अँटेनातनं लहरी म्हणून बाहेर जाते ती फार थोडी. म्हणजे वीज वाढली नाही तर उष्णताही वाढली नाही, ऊर्जा काय हवेतनं येत नाही. समजा प्रोसेसर ४ वॅट खातो आणि त्याच्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी, म्हणजे हीटसिंक, अशी आहे की दर वॅटला चिप भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशानं वर जाते, तर चिप हवेपेक्षा ४० अंश वर राहणार. या हिशोबानं १६ अंश खरोखर वाढायचे असतील तर प्रोसेसरला १.६ वॅट जादा खावे लागतील, आणि ८ वॅटवर चालणाऱ्या डब्यात एवढी वाढ साध्या मीटरवरही दिसते. अपडेटच्या आधीचं रीडिंग तुमच्याकडे नसणार, कुणाकडंच नसतं, पण तसलाच राऊटर जुन्या फर्मवेअरवर शेजारी असेल तर त्याचं घ्या, नाहीतर डब्याचा पत्रा-प्लास्टिक किती गरम लागतंय ते इन्फ्रारेड गननं बघा. कोविडात कपाळावर धरायची गन मात्र नको, ती अंगाच्या तापापुरतीच केलेली असते.

त्या हिशोबातली दुसरी गोष्ट लई जणांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे भोवतालची हवा. चिप हवेपेक्षा ४० अंश वर राहणार हे ठरलेलं असेल तर जानेवारीत पहाटे खोलीत १८ असताना ५८ दिसेल आणि मे महिन्यात दुपारी ३७ असताना तोच राऊटर, तेच फर्मवेअर, ७७ दाखवेल. अपडेट मार्च-एप्रिलमध्ये आला की दोष त्याच्यावर जातो आणि उन्हाळा सुटतो. म्हणून नुसता आकडा लिहून ठेवू नका, त्यातनं खोलीचं तापमान वजा करून उरलेला फरक लिहा, आणि दोन्ही वेळा घरात साधारण सारखंच नेट चालू असू दे. फरक तोच असेल तर अपडेटनं काही केलेलं नाही.

अजून एक घोळ. डब्यावर किंवा माहितीपत्रकात ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं ते भोवतालच्या हवेचं, चिपचं नव्हे. सिलिकॉनच्या चिपा आतनं साधारण १०५ ते १२५ अंशापर्यंत सोसतील अशा बनवलेल्या असतात, त्यामुळं ७८ बघून वायर काढायची गरज नाही. पण पत्र्याखालच्या माळ्यावर राऊटर टांगलेला असेल तर तिथली हवाच दुपारी ४० च्या वर जाते, आणि त्यात जास्त सोसावं लागतं ते चिपला नाही तर शेजारच्या कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या बारक्या डब्यांना, कारण दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

आता मीटरवर खरंच वॅट वाढलेले दिसले तर? मग पहिला संशय हार्डवेअर ॲक्सिलरेशनवर घ्यायचा. घरातल्या सगळ्या फोन-टीव्हींना बाहेर मिळून एकच पत्ता असतो, त्यामुळं प्रत्येक पॅकेटवरचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यावरचा पत्ता राऊटर बदलून पुढं पाठवतो. हे काम चिपमधलं एक खास सर्किट कमी विजेत करतं, तेच हे ॲक्सिलरेशन, पण अपडेटनं पॅरेंटल कंट्रोल किंवा कोणत्या फोननं किती डेटा वापरला असला हिशोब सुरू केला की बऱ्याच राऊटरमध्ये प्रत्येक पॅकेट प्रोसेसरच्या हातनं जायला लागतं, आणि तो राबतो. डाउनलोड चालू करून सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचाच, वापर बघा, ८०-९० टक्के दिसला आणि स्पीडही उतरला तर हेच. तो हिशोब बंद करा, ॲक्सिलरेशन चालू करा.

दुसरं कारण, प्रोसेसर रिकामा असताना वेग आणि व्होल्टेज उतरवायची सोय बंद पडणं. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळं कायम वरच्या वेगावर ठेवलेला प्रोसेसर रात्री कुणी नेट वापरत नसतानाही गरम राहतो. आपल्या हातात याचं काही नाही, पुढच्या अपडेटची वाट बघायची. वायफायचं सेटिंगही बघून घ्या, चॅनेलची रुंदी ८० ची १६० मेगाहर्ट्झ झाली असेल किंवा पॉवर ‘हाय’वर गेली असेल. ३ डेसिबल वाढ म्हणजे दुप्पट पॉवर, आकडा दिसायला बारका असला तरी.

एवढं करून जमलं नाही तर फॅक्टरी रिसेट करून सेटिंग हातानं परत भरा, कारण जुनी सेटिंग नव्या फर्मवेअरमध्ये अडकून राहतात. त्याआधी नेटवाल्यानं दिलेलं युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या, नायतर रविवारी त्याचा फोन लागत नाही. जुन्या फर्मवेअरवर परत जायची मात्र घाई करू नका, अपडेटमध्ये सुरक्षेची भोकं बुजवलेली असतात. आणि टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातला, सेट-टॉप बॉक्सवर ठेवून वरनं विणलेला रुमाल घातलेला राऊटर आधी उघड्यावर आणा, रुमालानं वरच्या फटी झाकल्या की गरम हवेला निघायला वाटच राहत नाही.

भर दुपारी आपोआप रिस्टार्ट होत असेल, अडॅप्टर फुगला असेल किंवा जळका वास येत असेल तर हे काही करत बसायचं नाही, प्लग काढायचा. बाकी वेळी कंपनीला तक्रार करताना नुसतं ‘लई गरम होतोय’ असं लिहिलं की उत्तर येतं रिस्टार्ट करा, म्हणून फर्मवेअरचा नंबर, खोलीचं तापमान, चिपचं तापमान, सीपीयूचा वापर आणि मीटरवरचे वॅट हे सगळं एकाच वेळचं लिहून पाठवा.