न्यायाधीशांवरील महाभियोग (भारत)

सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे गैरवर्तन वा अक्षमता सिद्ध झाल्यास त्याला पदावरून दूर करण्याची संसदीय कार्यपद्धती. ‘महाभियोग’ हा शब्द वृत्तपत्रांनी रूढ केला. राज्यघटनेत तो फक्त राष्ट्रपतींसाठी (अनुच्छेद ६१) आहे. न्यायाधीशांबाबत अनुच्छेद १२४ (४) ‘पदावरून दूर करणे’ एवढेच म्हणतो. उच्च न्यायालयांना हीच तरतूद अनुच्छेद २१७ आणि २१८ नुसार लागू होते.

तिचे मूळ इंग्लंडमधील १७०१ च्या कायद्यात आहे. त्याआधी स्ट्यूअर्ट राजांची मर्जी फिरली की न्यायाधीशाची खुर्ची जाई. नव्या कायद्याने वर्तन चांगले आहे तोवर पद कायम केले आणि हटवायचे तर दोन्ही सभागृहांनी राजाला तशी विनंती करावी, असे ठरवले. आजवर या मार्गाने एकच न्यायाधीश गेला : आयर्लंडच्या नौन्यायालयातील सर जोना बॅरिंग्टन, १८३० साली, न्यायालयात जमा झालेले पैसे स्वतःकडे वळवल्याबद्दल.

भारतीय घटनाकारांनी हा दरवाजा ठेवला, पण उंबरा आणखी उंच केला. प्रस्ताव मंजूर व्हायला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात, तीही एकाच अधिवेशनात. असा प्रस्ताव समोर नसेल, तर न्यायाधीशाच्या कामकाजातील वर्तनावर संसदेत चर्चाच करता येत नाही (अनुच्छेद १२१). विधिमंडळांना तर असा प्रस्ताव आणण्याचा अधिकारच नाही, त्यामुळे मुंबईच्या विधानभवनात ही चर्चा कायमची बंद आहे (अनुच्छेद २११).

‘सिद्ध’ हा शब्द इथे सर्वात महत्त्वाचा. १९६८ च्या न्यायाधीश (चौकशी) अधिनियमानुसार लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्यांची सूचना लागते. ती स्वीकारायची की फेटाळायची, हे लोकसभाध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती ठरवतात. स्वीकारली तर सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश, एका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक कायदेपंडित अशा तिघांची समिती चौकशी करते. समितीने निर्दोष ठरवले की प्रकरण तिथेच संपते. दोषी ठरवले तरी सभागृह मात्र बांधलेले नसते. समिती कायद्याने चालते, सभागृह पक्षांच्या गणिताने. या पद्धतीचा खरा पेच इथेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात तो उघडा पडला. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना सरकारी निवासस्थानावर त्यांनी केलेल्या खर्चाबद्दल आरोप झाले. १९९१ मध्ये १०८ खासदारांच्या सूचनेवर लोकसभाध्यक्ष रबी राय यांनी समिती नेमली. तीत न्या. पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि ओ. चिन्नप्पा रेड्डी होते. लोकसभा विसर्जित झाली, तरी प्रस्ताव रद्द होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध धरले. मे १९९३ मध्ये लोकसभेत सोमनाथ चटर्जींनी प्रस्ताव मांडला आणि कपिल सिब्बल यांनी न्यायाधीशांची वकिली केली. मतदानात बाजूने १९६, विरोधात शून्य. काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांचे २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि प्रस्ताव पडला. विरोधात एकही मत नसताना पडलेला प्रस्ताव म्हणून त्याची आठवण आजही काढली जाते.

हटवण्याइतके गंभीर नाही, पण पदाला न शोभणारे वर्तन असेल तर काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर मुंबईतल्या एका घटनेतून निघाले. १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांनी पुस्तकाच्या मानधनाबाबतच्या आरोपांनंतर राजीनामा दिला. मुंबईच्या वकिलांच्या संघटनांनी त्यांच्यावर दबाव आणला होता. वकिलांनी ठराव करून न्यायाधीशाला घालवणे गैर, तक्रार सरन्यायाधीशांकडे जावी, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी म्हटले. त्यातूनच १९९९ ची अंतर्गत चौकशीची पद्धत आली. तीत सरन्यायाधीश राजीनाम्याचा सल्ला देऊ शकतात, काम काढून घेऊ शकतात. पद मात्र काढून घेऊ शकत नाहीत.

ऑगस्ट २०११ मध्ये राज्यसभेने कोलकाता उच्च न्यायालयाचे सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव १८९ मतांनी मंजूर केला. एका सभागृहाने असा प्रस्ताव मंजूर करण्याची ही पहिलीच वेळ. लोकसभेत मतदान होण्यापूर्वीच सेन यांनी राजीनामा दिला. सिक्कीमचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. दिनकरन यांनी त्याच वर्षी चौकशी चालू असतानाच पद सोडले होते. २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची सूचना सभापती व्यंकय्या नायडू यांनी समिती न नेमताच फेटाळली. एका व्यक्तीच्या हातातला हा अधिकार न्यायाधीशांना उठसूट होणाऱ्या आरोपांपासून वाचवतो, पण त्या व्यक्तीचे राजकीय नाते विसरता येत नाही.

मार्च २०२५ मध्ये दिल्लीतील न्या. यशवंत वर्मा यांच्या निवासस्थानी आग लागल्यानंतर जळालेल्या नोटा सापडल्याचे प्रकरण पुढे आले. वर्मा यांनी आरोप नाकारले. काम काढून घेऊन त्यांची बदली अलाहाबादला झाली आणि अंतर्गत चौकशीनंतर, ऑगस्टमध्ये, लोकसभाध्यक्ष ओम बिर्ला यांनी १९६८ च्या कायद्याखाली समिती नेमली.

ताकीद देण्यासारखे मधले टप्पे आणू पाहणारे न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण १५ वी लोकसभा विसर्जित होताच रद्द झाले. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आणलेला राष्ट्रीय आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ अशा बहुमताने घटनाबाह्य ठरवला, तेव्हा मुख्य कारण न्यायव्यवस्थेचे स्वातंत्र्य हेच दिले होते. १९५० पासून २०२५ पर्यंत दोन्ही सभागृहांच्या मतांनी एकही न्यायाधीश पदावरून गेलेला नाही.