सायलेन्सर कापण्याआधी

सायलेन्सर बदलला की गाडीचा आवाज त्याच क्षणी बदलतो. ताकद वाढली की नाही, हे मात्र कानाला कळत नाही. तरीही जुन्या स्पोर्टी गाडीवरचा पहिला खर्च बहुतेक वेळा सायलेन्सरवरच होतो. ठाण्यात वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत किंवा नवी मुंबईत तुर्भ्याच्या गॅरेजांकडे संध्याकाळी चक्कर मारली, तर वीस-बावीस वर्षांची होंडा सिटी व्हीटेक, पालिओ १.६, क्वचित एखादी ऑक्टाव्हिया आरएस लिफ्टवर चढलेली दिसते आणि मालकाची मागणी ठरलेली असते, "फ्री फ्लो टाकायचाय," म्हणजे वायूला कमी अडवणारा सायलेन्सर. या गाड्या जपणाऱ्यांबद्दल मला मनापासून आपुलकी आहे, म्हणून सांगावंसं वाटतं: इतक्या जुन्या इंजिनाने कंपनीतून आणलेली बरीच ताकद वाटेत हरवलेली असते. ती शोधून परत मिळवणं हे नवी विकत घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, आणि ती कुठे हरवली हे मोजता येतं.

आधी ताकद येते कुठून ते पाहू. सिटी व्हीटेकचं इंजिन दीड लिटरचं आणि ताकद १०६ अश्वशक्ती. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा चारही सिलिंडर भरून घेतं. म्हणजे ६,००० आरपीएमला (मिनिटाला ६,००० फेऱ्या) मिनिटाला ३,००० वेळा दीड लिटर, सेकंदाला ७५ लिटर. सिलिंडर पूर्ण कधीच भरत नाहीत. नव्वद टक्के भरले असं धरलं तर सेकंदाला साधारण ७९ ग्रॅम हवा आत जाते. पूर्ण जोर लावताना तेरा ग्रॅम हवेमागे एक ग्रॅम पेट्रोल लागतं, म्हणजे सेकंदाला सहा ग्रॅम. पेट्रोलच्या ग्रॅममध्ये ४४ किलोज्यूल ऊर्जा असते, तेव्हा दर सेकंदाला २६५ किलोज्यूलच्या आसपास उष्णता तयार होते. त्यातली जेमतेम तीस टक्के क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यापर्यंत, पोचते, ती होते ८० किलोवॉट. अश्वशक्तीत १०६-१०७! कंपनीचा आकडा असा हवेच्या हिशेबातून थेट बाहेर पडतो. ताकद वाढवायची तर जास्त हवा आत घ्यायला हवी, किंवा आहे ती हवा नीट जाळायला हवी. तिसरा मार्ग नाही.

जळलेला वायू पूर्ण बाहेर पडला नाही तर तेवढी नव्या हवेची जागा अडते, आणि तो ढकलण्यात पिस्टनची मेहनतही वाया जाते. सायलेन्सरचा संबंध येतो तो इथे. पण हा तोटा सगळीकडे सारखा नसतो. नळीतला दाबाचा तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह तिप्पट झाला की तोटा नऊपट. उलट बाजूने वाचा: ६,००० आरपीएमला जो अडथळा इंजिनाला जाणवतो, तो २,००० आरपीएमला नवव्या हिश्शावर येतो, तोही पॅडल पूर्ण दाबलेलं असेल तर. घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून पातलीपाड्यापर्यंत सरकताना पॅडल जेमतेम टेकलेलं असतं, थ्रॉटलची, म्हणजे आत जाणारी हवा अडवणारी, पाकळी जवळपास बंद असते आणि तिच्यामागे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी दाब असतो. त्या वेळी इंजिनाचा श्वास थ्रॉटलनेच रोखून धरलेला असतो. मागची नळी कितीही मोठी केली तरी तिथे काही फरक पडायचा नाही.

म्हणून ग्राइंडर हातात घेण्याआधी तीन मापं घ्यावीत.

पहिलं कॉम्प्रेशन. चारही प्लग काढायचे, पेट्रोल बंद करायचं, पॅडल पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर पाहायचा. चौघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगमध्ये गळती आहे. दुसरं व्हॅक्यूम, म्हणजे मॅनिफोल्डमधला कमी दाब. आयडलिंगला सुई १७ ते २१ इंच पाऱ्याच्या दरम्यान स्थिर हवी. ठाणं समुद्रसपाटीलगत असल्याने हे आकडे इथे जसेच्या तसे लागू पडतात. सुई थरथरत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) किंवा टायमिंगकडे बघायचं. होंडाच्या या इंजिनात टॅपेटची फट हाताने लावावी लागते, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. कितीतरी गाड्यांत ती वर्षानुवर्षं कुणी तपासलेलीच नसते. फट कमी झाली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, दाब निसटतो, शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

तिसरं माप मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि ते फार कमी ठिकाणी घेतलं जातं. कॅटच्या, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आधीचा ऑक्सिजन सेन्सर सोडवायचा. गंजलेला असतो, आदल्या रात्री गंजसैलक तेल मारून ठेवलेलं बरं. त्या भोकात दाबमापक बसवायचा आणि इंजिन गरम झाल्यावर २,५०० आरपीएमला धरायचं. सुई एक-सव्वा पीएसआयच्या आसपास राहिली तर वाट मोकळी आहे. तीनच्या वर गेली तर पुढे काहीतरी तुंबलंय, आणि जुन्या गाडीत ते बहुतेक वेळा कॅटच असतं. आत सिरॅमिकची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ मुलामा. एखादा प्लग किंवा कॉइल मिसफायर करत राहिली की न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं, जाळी वितळते आणि वाटेतच गोळा होऊन बसते. अशी गाडी चढावर दम टाकते, टॉप स्पीड गळून पडतो, आणि मालकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं.

कॅट तुंबलं की ते पोकळ करून परत बसवायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचं झालं, त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं, आणि २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. शहरातल्या मुलांच्या रक्तात जाणारं शिसं त्याने थांबलं, ही आपल्या रस्त्यांवरची एक मोठी सुधारणा होती. पोकळ कॅटमधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जशीच्या तशी बाहेर पडतात, आणि त्या बदल्यात मिळणारी ताकद, कॅट निरोगी असेल तर, नगण्य असते. तुंबलेलं कॅट काढून चांगल्या दर्जाचं, विरळ जाळीचं नवं बसवलं की हरवलेली सगळी ताकद परत येते.

मापं नीट आली, प्लग, फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टरची सफाई झाली, तरच पुढे हेडरचा, म्हणजे सिलिंडरांतून वायू बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या संचाचा, विचार करावा. खरं विज्ञान तिथे आहे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. तो एकदम सुटतो आणि दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. बाहेरच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. ८०० अंश सेल्सिअसच्या या वायूत तोच वेग साडेसहाशेच्या जवळ पोचतो. चार नळ्या जिथे एकत्र येतात तिथे जागा अचानक रुंदावते आणि लाट उलटून परत येते, पण आता ती कमी दाबाची झालेली असते. ही उलटलेली लाट व्हॉल्व्हपाशी पोचते त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडा असेल तर ती उरलासुरला वायू ओढून काढते, आणि इनटेकही थोडा उघडलेला असेल तर नवी हवा आपोआप आत खेचली जाते. इंजिनाला फुकट मिळालेली मदत ती हीच.

गोम आहे ती वेळेत. ८० सेंटिमीटरच्या नळीतून लाट जाऊन परत यायला अडीच मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ६,००० आरपीएमला क्रँक ९० अंश फिरतो, ३,००० ला ४५ अंश. म्हणजे ठरावीक लांबीची नळी ठरावीक आरपीएमलाच मदत करते. दुसरीकडे तीच लाट चुकीच्या वेळी येऊन नडते. चारही नळ्या एकाच ठिकाणी जोडलेला हेडर वरच्या आरपीएमला जोर देतो. आधी १ आणि ४, २ आणि ३ अशा जोड्या, मग त्या दोघींची एक नळी, अशी रचना मधल्या पट्ट्यात जोर देते. कारण चार सिलिंडरच्या १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरमध्ये या जोड्यांचे स्फोट बरोबर एका पूर्ण फेरीच्या अंतराने होतात आणि एकाचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. शहरात चालवायच्या गाडीला मी दुसरी रचनाच सुचवेन.

"इंजिनाला बॅक प्रेशर लागतं" हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. बॅक प्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं. हवा असतो तो वायूचा वेग. पावणेदोन इंची नळीच्या जागी अडीच इंची टाकली की छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, वेग निम्म्यावर येतो, वायू लवकर थंड होतो आणि खालच्या आरपीएमची ओढ नाहीशी होते. दीड लिटरच्या, टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेल्या इंजिनाला दोन इंच पुष्कळ झाले.

नळी किती इंची यापेक्षा ती वाकवली कशी याला माझ्या मते जास्त महत्त्व आहे. साध्या प्रेसवर वाकवलेली नळी वळणावर चपटी होते आणि दोन इंची नळी तिथे पावणेदोनची उरते. जुने कारागीर कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून, नळी तापवून वाकवतात. ते वळण बरंच गोल राहतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे डेअरी आणि औषध कारखान्यांसाठी बनणारे स्टेनलेस ३०४ चे तयार बेंड. ५१ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे, आतून गुळगुळीत. रबाळे-महापे पट्ट्यात अशा पाईपांचं काम करणारे फॅब्रिकेटर आहेत. तुकडे जुळवायचे आणि आर्गन वेल्डिंग मारून घ्यायचं. जोडाच्या आत वेल्डिंगचे गुठळे लोंबत नाहीत ना, हे बोट घालून पाहावं.

आता आवाज. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत दोन स्फोट, म्हणजे ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके. १०० हर्ट्झचा हाच घुमारा वाशीच्या खाडीपुलावर एका वेगाने जाताना डोकं उठवतो. त्यावर उपाय आहे: मुख्य नळीला आडवी, टोकाशी बंद असलेली एक नळी. मागच्या भागात वायू थंड झालेला असतो, आवाजाचा वेग ५०० मीटरच्या आसपास. तेव्हा सव्वा मीटर लांबीच्या बंद नळीतून लाट जाऊन येईपर्यंत बरोबर अर्धी लहर उलटते आणि मूळ लाटेला मारते. काचलोकर भरलेल्या सायलेन्सरला खालचे सूर आवरत नाहीत, ही साधी नळी आवरते.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत न्यावंच लागतं. त्यामुळे मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका, आणि आवाज व पीयूसी मर्यादेत राहील एवढंच काम करा.

हवा आत घेण्याच्या बाजूला आपलं हवामान बोलतं. बॉनेटखाली ६० अंश तापमान असेल आणि बाहेर ३३, तर आतली हवा आठ टक्क्यांनी विरळ असते. उघडा कोन फिल्टर बॉनेटच्या आत बसवला तर तो हीच गरम हवा ओढतो. आवाज छान येतो आणि ताकद घटते. कंपनीचा बंद डबा, स्वच्छ फिल्टर आणि बाहेरून हवा आणणारी मूळ नळी शाबूत असणं हेच बरं. पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेत जवळपास चार टक्के जागा वाफेनेच व्यापलेली असते, तेवढा ऑक्सिजन कमी. जुलैत गाडी जड वाटते यात काही अंशी तथ्य आहे. आणि थंड हवेसाठी फिल्टर बंपरखाली उतरवण्याचा मोह आपल्या भागात कटाक्षाने टाळावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस नसला तरी भरतीच्या वेळच्या एका मुसळधार सरीने रस्त्यावर फूटभर पाणी येतं. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर यायला जागा उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हाफ इंजिनाच्या कामात (पिस्टन, रिंग, रॉडपर्यंत उघडून केलेली दुरुस्ती) सगळ्या अपग्रेडचे पैसे बुडतात.

ईसीयू रिमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलण्याचा, फायदा गाडीवर ठरतो. ऑक्टाव्हिया आरएसच्या १.८ लिटर टर्बो इंजिनात कंपनीचे १५० घोडे आहेत. टर्बोचा दाब वाढवता येत असल्याने रिमॅपने पंचवीस टक्के वाढ सहज मिळते, फक्त क्लच आणि कूलिंग धडधाकट हवं. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा तेवढीच राहते, म्हणून चार-पाच टक्क्यांवर समाधान मानावं लागतं. तरी ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलमुळे तिथेही मिश्रण तपासून घेणं गरजेचं झालंय. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला १४.७ पट हवा लागते, ई२० ला साडेतेरा पट. पूर्ण जोरात जुना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, साठवलेल्या आकड्यांवर चालतो. मग मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही याच वेळी बदलून घ्या.

फरक पडला का, हे ठरवायला डायनो, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणारं यंत्र, उत्तम, पण एकाच डायनोवर, आधी आणि नंतर. वरच्या आरपीएमचं खरं माप तिथेच मिळतं. रोजच्या पट्ट्यासाठी मात्र मोबाइल पुरतो. रविवारी पहाटे एमआयडीसीतला एखादा सपाट, रिकामा रस्ता निवडायचा. शेजारी बसलेल्याने स्पीडोमीटरचं चित्रण करायचं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये २० पासून ५० पर्यंत पॅडल पूर्ण दाबून न्यायचं. माणसांसकट ११०० किलोच्या गाडीला यासाठी ८९ किलोज्यूल ऊर्जा लागते. वेळ ३.२ सेकंद आली तर चाकांवर सरासरी २८ किलोवॉट, म्हणजे ३७ अश्वशक्ती मिळाली. चित्रणात सेकंदाला ३० चौकटी असतात, त्यामुळे ०.२ सेकंदांचा फरक सहा चौकटींत स्पष्ट दिसतो, आणि तो सहा-सात टक्के ताकदीचा असतो. दोन्ही दिशांना प्रत्येकी तीन-चार वेळा मोजून सरासरी काढा, टायरची हवा आणि टाकीतलं पेट्रोल दोन्ही वेळा सारखं ठेवा. डिकीतली जुनी अवजारं, स्पीकरचा मोठा डबा, न लागणारं पन्नास किलोचं सामान उतरवून एक फेरी मारून पाहा. हेडरमधून मिळेल जवळपास तेवढाच फरक तिथे दिसेल.